लांडगे तीन हजार

अचलपूरचा आहे म्हटलं की पुण्यातल्या ऑफिसात पुढचा प्रश्न ठरलेला. "म्हणजे मेळघाटजवळ ना? वाघ दिसतात का रे?" दिसतात, नशिबात असेल तर. 1974 साली मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला, तेव्हापासून सगळं कौतुक घाटावरच. लांडग्याबद्दल मात्र आजवर एकानंही विचारलेलं नाही.

आता गंमत बघा. 2022 च्या गणनेत देशात वाघ निघाले सुमारे 3,682. आणि भारतीय लांडगे? अंदाजे तीन हजार. म्हणजे वाघापेक्षा कमी! 1972 च्या वन्यजीव कायद्यात दोघंही अनुसूची एकमध्येच आहेत, पण लांडग्यासाठी कोणी जिप्सी बुक करत नाही.

आययूसीएनच्या जागतिक यादीत करडा लांडगा वर्षानुवर्षं 'चिंता नसलेला' म्हणून नोंदलेला. रशिया, कॅनडा, अलास्कात तो भरपूर आहे ना! आमच्या धंद्यात असं रोज होतं. एक सर्व्हर आचके देत असतो, बाकीचे ठणठणीत, आणि सरासरी काढणारा डॅशबोर्ड हिरवागार. भारतीय लांडगा तर लांडग्यांच्या सगळ्यांत जुन्या शाखांपैकी एक. त्याचं वेगळं मूल्यमापन व्हायला 2025 उजाडलं, आणि शेरा मिळाला 'असुरक्षित'.

बाहेरचे लोकही काही फार शहाणे नाहीत म्हणा. जपाननं आपला लांडगा 1905 च्या सुमारास संपवला. अमेरिकेनं यलोस्टोनमधले मारून टाकले आणि 1995 पासून कॅनडातून आणून पुन्हा सोडले. युरोपात वीस हजारांवर झाले, तर 2025 मध्ये युरोपीय संघानं त्यांचं संरक्षण एक पायरी खाली आणलं. त्याआधी 2022 मध्ये संघाच्या अध्यक्षीणबाईंचं तट्टू लांडग्यानं मारलं होतं. योगायोग असेल, असो.

आपल्याकडचा लांडगा जंगलात फारसा रमत नाही, त्याला माळ लागतो. वऱ्हाडात गावोगावी ई-क्लासची जमीन असते, म्हणजे गुरचरण. सरकारी भाषेत बरेचदा 'पडीक'. पडीक म्हटलं की तिथे काहीही करायला मोकळीक! झाडं लावा, प्लॉट पाडा, सोलर बसवा. माळावर झाडं लावणं हेही माळ मारणंच आहे, हे वृक्षारोपणाच्या फोटोत दिसत नाही.

दिवाळीनंतर आमच्या वावरात खतासाठी मेंढ्या बसवतात. एकदा मेंढपाळकाकांना विचारलं, लांडग्याचा राग येत नाही का? नुकसानभरपाई आहे कागदावर, पण लांडगा कोकरू उचलूनच नेतो, मग पंचनामा कशाचा करणार?

काका तंबाखू मळत म्हणाले, "थो काय शौकानं येते का भाऊ? पोट त्याले बी आहे. आता भेव त्याचं नाही, गावच्या कुत्र्याईचं हाये."

खरंच आहे. मोकाट कुत्री कळपात घुसतात, लांडग्यांना रेबीज आणि डिस्टेंपर देतात. पुणे जिल्ह्यात तर लांडगा-कुत्रा संकर जनुकीय तपासणीत सिद्धच झालाय.

यंदा मेंढ्या त्या नाल्यापलीकडच्या माळावर नेणार का, असं विचारलं, तर काका हसले. "तठी आता तारेचं कुंपण हाये."