कळांच्या वेळी पायाशी कोण?

कुंभकोणमहून तंजावरकडे निघालं की थोडं आत तिरुकरुगावूर लागतं. तिथल्या गर्भरक्षांबिकेच्या देवळातून गरोदर बायका एरंडेल घरी नेतात. देवीच्या पायाशी ठेवलेलं हे तेल प्यायचं नसतं. कळा सुरू झाल्या की पोटावर हलक्या हाताने चोळायचं असतं. ती बाटली पदराशी धरून पायऱ्या उतरणाऱ्या बायका पाहताना माझ्या मनात आलं, तेल तर मिळालं, पण प्रसूतिगृहात ते चोळणार कोण?

१७९९ साली इंग्रजांनी घेईपर्यंत हा मुलूख तंजावरच्या भोसल्यांचा होता. मराठी घरं इथे आजही आहेत. तेलाचा हात आपल्याकडे तरी कुठे नवा आहे? माझी आजी काशाच्या वाटीने तळपाय घासायची. बोटभर तूप टाचेला लावायचं, वाटी गोल फिरवत बोटांपर्यंत न्यायची, तूप काळंभोर होईपर्यंत. आजी म्हणे, उष्णता निघाली. काळेपणा काशाचा असतो, पण पायांना येणारी सुस्ती खरीच असते.

तळपायाच्या ठरावीक जागा दाबण्याची पद्धत, म्हणजे रिफ्लेक्सॉलॉजी, त्या मानाने अलीकडची. तिचा पाया घालणारं अमेरिकेतले डॉक्टर विल्यम फिट्झगेराल्ड यांचं पुस्तक १९१७चं. युनिस इंगहॅम यांनी पुढे तळपायाचा नकाशा मांडला. त्यात गर्भाशयाची जागा टाचेच्या आतल्या बाजूला, घोट्याखाली. तिथे दाबलं की गर्भाशयावर परिणाम होतो, याला शरीरशास्त्रात भक्कम आधार नाही. प्रसूतीत वेदना आणि भीती कमी झाल्याचे काही प्रयोग आहेत, पण ते लहान आहेत. म्हणून मी रिफ्लेक्सॉलॉजीला उपचार म्हणणार नाही, सोबत म्हणेन. रक्तस्राव होत असेल, रक्तदाब चढला असेल किंवा पायात गुठळीची शंका असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पायाला हात लावू नये. आणि कळा सोसणाऱ्या बाईने "नको" म्हटलं की हात लगेच काढावा. ऐन कळेत कित्येकींना स्पर्शही सोसत नाही.

इतकं सांभाळलं, तर मला पायाशी बसलेलं माणूस फार मोलाचं वाटतं. प्रसूतीच्या खोलीत सगळ्यांची नजर पोटावर आणि बाळाच्या ठोक्यांवर असते, आणि ती असायलाच हवी. पण तासन् तास कळा सोसणाऱ्या बाईचे पाय गार पडतात, पोटऱ्यांत गोळे येतात, तिकडे कोण बघतं? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या शिफारशींत वेदना हलक्या करण्यासाठी मालीश आणि गरम शेक आहे, बाईच्या पसंतीची सोबतही आहे. आपल्या केंद्र सरकारने २०१६ सालीच सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला परवानगी दिली. तरीही आई, बहीण, मावशी दाराबाहेर बाकावर बसलेल्या दिसतात.

तुमच्या घरात कोणाचे दिवस भरत आले असतील, तर रुग्णालयात नाव घालतानाच विचारा: कळा सुरू झाल्यावर तिच्याजवळ कोणाला थांबू देणार?