गाभण कालवडीची बोट

आमच्या आजीकडची शेळी अर्धलीने आणलेली होती. शेळी दुसऱ्याची, राखायची आजीने, आणि करडं निम्मी-निम्मी. पहिली पाठ मालकाच्या घरी गेली, त्या दिवशी मी रडून घर डोक्यावर घेतलं. बऱ्याच वर्षांनी डॅन वेस्ट नावाच्या अमेरिकन शेतकऱ्याची हकिकत वाचली, तेव्हा पहिल्यांदा आठवली ती हीच पाठ. वेस्टच्या हिशेबात ती मालकाकडे गेली नसती. शेजाऱ्याकडे गेली असती.

वेस्ट इंडियानाचा. 'चर्च ऑफ द ब्रेदरन' या, हाती शस्त्र न धरणाऱ्या पंथातला. (याच पंथाच्या मिशनने आपल्याकडे डहाणूला रुग्णालय चालवलं.) १९३७ साली तो यादवीने होरपळलेल्या स्पेनमध्ये मदतकार्यासाठी गेला. काम सांगायला सोपं: भुकटीचं दूध कालवायचं आणि रांगेतल्या मुलांना कपाने वाटायचं. मूल कुठल्या बाजूचं, हे बघायचं नाही. पण दूध मोजकं आणि रांग लांबलचक. आज भरलेला कप उद्या पुन्हा रिकामाच. ज्याने घरी गोठा सांभाळलाय, त्याला हे जास्तच टोचलं असणार. या पोरांना कप नको, गाय हवी, असं त्याच्या मनाने घेतलं.

परत आल्यावर तो आपल्या चर्चमधल्या शेतकऱ्यांच्या मागे लागला. १९४२ मध्ये योजना मार्गी लागली. पहिल्या तीन कालवडींची नावं थेट बायबलमधली: फेथ, होप आणि चॅरिटी.

गाय पाठवायची, पण दुभती नव्हे, गाभण कालवड. ही अक्कल शेतकऱ्याचीच. हलत्या बोटीवर दोन वेळा धार कोण काढणार? शिवाय एका भाड्यात दोन जीव पोचतात! १९४४ साली १७ कालवडी पोर्तो रिकोला उतरल्या. घेणाऱ्याला अट एकच: होणारी पहिली कालवड दुसऱ्या गरजू घराला द्यायची. काल हात पसरणारा उद्या देणारा होतो, तो इथे.

दुसरं महायुद्ध संपल्यावर युरोपात जनावरं पाठवायला माणसं लागली. १९४५ ते १९४७ या काळात सुमारे ७,००० जण 'सीगोइंग काउबॉय' म्हणून बोटींवर चढले. त्यांत शेतकऱ्यांची पोरं होती, शिक्षक होते, पाद्रीही होते. बोटींवर घोडेच जास्त. वैरण टाकायची, पाणी पाजायचं, शेण उपसायचं आणि स्वतःला बोट लागली तरी गुरांना उपाशी ठेवायचं नाही. पोलंडच्या किनाऱ्यावर उतरलं की समोर बेचिराख शहरं.

मला मात्र या गोष्टीतला गोडवा थोडा पातळ करावासा वाटतो. गाय नुसतं दूध देत नाही, ती खातेही. भाकड महिन्यांत पेंड कुठून आणायची? जिथे चाऱ्याचा पत्ता नाही तिथे असं दान अंगावर येतं, हे मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. पुढे या योजनेतून उभ्या राहिलेल्या संस्थेनेही शेळ्या, कोंबड्या, मधमाश्या दिल्या आणि जोडीला जनावर सांभाळायचं शिक्षण. आज ती 'हेफर इंटरनॅशनल' या नावाने आर्कान्सातल्या लिटल रॉकहून चालते.

आजीला वेस्टची अट सांगितली असती, तर तिने आधी विचारलं असतं, "शेजारी कोण, ते सांग."