राव्हेन्ना : वाहन कीं लांछन ?

मनुष्य आपल्या चुका सहसा विसरून जातो. शाळामास्तराची गोष्ट मात्र निराळी आहे. त्याची चूक तो विसरला तरी चाळीस मुलांच्या डोक्यांत ती घर करून राहते, आणि तेथून ती काढून घेण्याचा उपाय त्याचे हातीं उरत नाहीं. अशाच एका जुन्या चुकीची भेट आम्हांस इटलीमधील राव्हेन्ना या गांवीं झाली. ती हकीकत वाचकांस सादर करीत आहों.

सुमारें तीस वर्षांपूर्वीं उत्तर कोंकणांतील एका शाळेंत आम्ही अध्यापन करीत होतों. एके दिवशीं युरोपीय चित्रकलेवरील एक सचित्र पुस्तक आम्हीं वर्गांत नेलें. त्यांतील एका चित्रांत चार वृद्ध पुरुष ग्रंथ लिहीत बसलेले होते. एकाजवळ पंख असलेला मनुष्य, दुसऱ्याजवळ सिंह, तिसऱ्याजवळ बैल आणि चौथ्याजवळ गरुड. ख्रिस्ती धर्मांतील चार शुभवर्तमानांचे लेखक मत्तय, मार्क, लूक व योहान ते हेच, इतकें आम्हांस ठाऊक होतें. बाकीचें आम्हीं आपल्या पदरचें घातलें. “जसा गणपतीचा मूषक, शंकराचा नंदी, विष्णूचा गरुड, तशींच हीं यांचीं वाहनें,” असें आम्हीं मोठ्या आत्मविश्वासानें सांगितलें. तोंच वसईकडील एक ख्रिस्ती विद्यार्थी उभा राहून म्हणाला, “गुरुजी, ते यांच्यावर बसत नाहींत. त्या त्यांच्या खुणा आहेत.” वस्तुतः त्या मुलास शाबासकी द्यावयाची ; पण “शिक्षकाला शिकवूं नकोस,” असें बजावून आम्हीं त्यास तास संपेपर्यंत उभें ठेविलें. वर्ग हंसला. तो मुलगा पुन्हा आमच्या तासाला कधीं कांहीं बोलला नाहीं.

आमचे जावई नोकरीनिमित्त बोलोन्या शहरीं राहतात. त्यांच्या आग्रहावरून आम्हीं उभयतांनीं गतवर्षीं तिकडचा प्रवास केला. बोलोन्याहून आगगाडीनें राव्हेन्नास जातां येतें. आज हें गांव शांत दिसतें, परंतु इ. स. ४०२ मध्यें पश्चिम रोमन साम्राज्याची राजधानी येथें आली होती. त्या काळीं समुद्र व दलदल हेच या नगरीचे तट होते. पुढें समुद्र दूर हटला, राज्यें गेलीं, आणि मागें राहिलीं तीं विटांचीं साधीं देवळें व त्यांतील भिंतींवरची अपूर्व जडणकला. येथील आठ वास्तूंस १९९६ मध्यें जागतिक वारशाच्या यादींत स्थान मिळालें.

त्यांपैकीं एक लहान वास्तु म्हणजे गाल्ला प्लाचिदिया या नांवानें ओळखलें जाणारें समाधिमंदिर. गाल्ला प्लाचिदिया ही सम्राट् थिओडोसियस याची कन्या. ती इ. स. ४५० मध्यें रोम येथें वारली. तेव्हां तिचा देह येथें आणला असेल असें विद्वानांस वाटत नाहीं. पण नांव राहिलें तें राहिलेंच. बाहेरून पाहतां एखादें धान्याचें कोठार वाटावें इतकी ही इमारत साधी आहे. आंत पाऊल टाकलें कीं प्रथम कांहींच दिसत नाहीं. खिडक्यांना काचेऐवजीं संगजिऱ्यासारख्या पातळ दगडाच्या तक्त्या आहेत, त्यांतून मधासारखा पिवळा उजेड झिरपतो. डोळे सरावले म्हणजे मस्तकावर गडद निळें आकाश उघडतें. रंगीत काचेच्या बारीक तुकड्यांनीं रचलेलें हें आकाश असून त्यांत शेकडों सोनेरी तारे वर्तुळाकार मांडलेले आहेत. मध्यभागीं सोन्याचा क्रूस, आणि चार कोपऱ्यांत ढगांतून वर आलेलीं चार सपक्ष अर्धरूपें : मनुष्य, सिंह, बैल, गरुड.

आमची सात वर्षांची नात मान वर करून बराच वेळ पाहत होती. मग ती म्हणाली, “आजोबा, यांच्यावर बसतें कोण ?”

आम्हीं पुन्हा नीट पाहिलें. कोणीच बसलेलें नव्हतें. त्या छतावर त्या चार जीवांजवळ एकही ग्रंथकार नाहीं. मात्र दारासमोरच्या कमानींत संत लॉरेन्सचें चित्र आहे, आणि त्यांत एका उघड्या कपाटाच्या फळ्यांवर चार पुस्तकें ठेविलेलीं असून त्यांवर मार्क, लूक, मत्तय, योहान अशीं नांवें लिहिलीं आहेत. वर चार जीव, खालीं चार ग्रंथ. तेथून जवळच सान व्हिताले हें इ. स. ५४७ च्या सुमारास अभिषिक्त झालेलें मंदिर आहे. त्यांत मात्र चारही लेखक ग्रंथ घेऊन बसले आहेत, आणि प्रत्येकाची खूण त्याच्या डोक्यावरील खडकाळ भागांत उभी आहे. वाहन धन्याच्या खालीं असतें. हीं तर धन्याच्या वर! तीस वर्षांपूर्वींचा तो मुलगा आमच्या डोळ्यांसमोर उभा राहिला, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांस तेथें लाज वाटली.

या खुणांचा उगम पुष्कळ प्राचीन आहे. बाबिलोनांत बंदिवान असलेल्या यहूदी लोकांपैकीं यहेज्केल या संदेष्ट्यास दर्शन झालें, त्यांत चार जीव होते व प्रत्येकास मनुष्य, सिंह, बैल व गरुड अशीं चार मुखें होतीं. असुर देशाच्या राजवाड्यांच्या दारांशीं मनुष्यमुखी सपक्ष बैल उभे असत, हें येथें आठवावें. पुढें ‘प्रकटीकरण’ या ख्रिस्ती ग्रंथांत हेच जीव वेगवेगळे होऊन देवाच्या सिंहासनाभोंवतीं आले. इ. स. १८० च्या सुमारास ल्यों येथील बिशप इरेनियस यानें त्यांची सांगड चार शुभवर्तमानांशीं घातली. पण त्याच्या मतें योहान सिंह व मार्क गरुड. ऑगस्टीनच्या मतें मत्तय सिंह व मार्क मनुष्य. जेरोम या पंडितानें चौथ्या शतकाच्या अखेरीस जी वांटणी मान्य केली तीच पुढें रूढ झाली.

जेरोमची रीति एखाद्या शास्त्रीबोवांस आवडावी अशी आहे, कारण तो प्रत्येक ग्रंथाचा उपक्रम पाहतो. मत्तयाचा आरंभ ख्रिस्ताच्या वंशावळीनें होतो, म्हणून मनुष्य. मार्काच्या आरंभीं अरण्यांत घोष करणाऱ्याची वाणी आहे, म्हणून सिंह. लूक मंदिरांतील याजकापासून आरंभ करतो, आणि मंदिर म्हटलें कीं यज्ञबलि आला, म्हणून बैल. योहान एकदम सृष्टीच्या आदींच्या शब्दाकडे झेंप घेतो, म्हणून गरुड.

आतां आपल्याकडे याला समांतर काय ? आमचें संस्कृत आम्हांस येथें उशिरां कां होईना उपयोगीं पडलें. अर्जुनास कपिध्वज म्हणतात ; मारुति त्याच्या ध्वजावर आहे, म्हणून तो अर्जुनाचें वाहन होत नाहीं. याहून जवळचें उदाहरण जैन मूर्तींचें. तीर्थंकरांच्या मूर्ति बहुतेक सारख्याच दिसतात. आसनावरील वृषभ पाहून ऋषभनाथ व सिंह पाहून महावीर ओळखावयाचे. त्या खुणेस लांछन म्हणतात, आणि लांछनावर कोणी आरूढ होत नाहीं. तेव्हां आम्हीं जो शब्द वर्गांत योजावयास हवा होता तो ‘वाहन’ नव्हे, ‘लांछन’. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ कलंक असा आहे, आणि तो आमच्याच वांट्यास आला.

राव्हेन्नाच्या त्या निळ्या छताचें एक चित्रपत्र विकत घेऊन आम्हीं घरीं आणलें. जुन्या विद्यार्थ्यांकडून त्या मुलाचा पत्ता मिळविला. तो आतां चाळिशी ओलांडलेला गृहस्थ आहे. पत्रावर आम्हीं लिहिलें, “तुमचें म्हणणें बरोबर होतें, आमचें चूक होतें. तुम्हांस उभें केलें याबद्दल क्षमा असावी.” पंधरा दिवसांनीं उत्तर आलें. “गुरुजी, तो दिवस माझ्या ध्यानांत आहे. खुणा आहेत इतकेंच आजोबांनीं मला सांगितलें होतें. मार्काला सिंहच कां, हें तेव्हां मलाही ठाऊक नव्हतें, आणि तुम्ही विचारलें असतें तर मला सांगतां आलें नसतें. आतां माझी मुलगी तेंच विचारते. आपण कळवाल काय ?”

वरील मजकुरापैकीं बराचसा भाग आम्हीं त्यांस लिहून धाडला आहे. पत्राच्या शेवटीं सहीपूर्वीं ‘आपला गुरुजी’ असें लिहावयास लेखणी उचलली, पण क्षणभर थांबलों. मग नुसतें नांव लिहून पत्र टपालांत टाकलें.