गाडीमागचं बिऱ्हाड

१९९५च्या आधी युरोपात कॅरॅव्हॅन घेऊन हिंडायचं, तर पहिल्यांदा लंडनमधल्या वकिलाती हिंडून घ्याव्या लागत. आमचे पासपोर्ट भारतीय. त्यामुळे फ्रान्सचा व्हिसा वेगळा, जर्मनीचा वेगळा, इटलीचा वेगळा. बँकेचं पत्र, पगाराच्या पावत्या, विम्याचे कागद यांचं बाड काखोटीला मारून पहाटे रांगेत उभं राहायचं. निम्मी रजा तिथेच संपायची. सत्तरच्या दशकात विलायतेत येऊन रुजलेली आमची पिढी, म्हणजे इस्पितळांतले डॉक्टर, काही इंजिनिअर, एखाद-दुसरा मास्तर. शेजारच्या गोऱ्या जोडप्यांचं पाहून आम्ही गाडीमागे घर जोडायला शिकलो. हॉटेल परवडत नव्हतं हे सांगायचं कारण. हॉटेलात वरणभात मिळत नव्हता हे खरं कारण.

आता बहुतेकांचे पासपोर्ट ब्रिटिश आहेत, नोकऱ्या संपल्या आहेत, पेन्शन सुरू आहे. एप्रिलात निघावं, शाळांच्या सुट्ट्या लागण्याआधी दक्षिणेकडून वर सरकावं, असे मुक्त बेत करता येतात. तेव्हा गुडघे होते, रजा नव्हती. आता रजाच रजा आहे.

ब्रेनरच्या खिंडीत ऑस्ट्रिया संपून इटली लागते. तिथल्या चौकीवर ट्रकांच्या शेपटामागे सरकत सरकत पोचावं, की अधिकारी आधी आमचे चेहरे पाही, मग कॅरॅव्हॅन पाही आणि बोटानेच ‘बाजूला’ अशी खूण करी. पुढचे डच सुटलेले, मागचे जर्मन सुटणार, मधले आम्ही उभे. मग तो आत शिरून डबे उघडी. हळद बोटावर घेऊन पाही. गोडा मसाला नाकाशी नेला की शिंके, आणि शिंकला की सोडून देई. १९९८ साली ती चौकी उठली. आज ब्रेनरला लोक थांबतात ते आउटलेटमधले स्वस्त बूट घ्यायला. खरं तर त्या चौकीसाठी उसासे टाकणं आम्हाला शोभत नाही. ज्यांना कधी कुणी अडवलं नाही त्यांनी खुशाल टाकावेत. तरीही नवीन देशात शिरलो हे आता फोनवरच्या संदेशातून कळतं आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, हेही खोटं नाही.

पण सरहद्दीपेक्षा जास्त आठवतं ते मुक्कामी पोचल्यावरचं नाटक. कॅरॅव्हॅन मागे घेणं ही उलटी विद्या आहे. तिचं ढुंगण उजवीकडे न्यायचं तर स्टिअरिंग आधी डावीकडे फिरवावं लागतं. गाडीत नवरा, मागे हातवारे करणारी बायको. ‘अहो, डावीकडे घ्या!’ ‘कुणाच्या डावीकडे?’ या एका प्रश्नाने त्या हिरवळींवर कितीतरी संसार हादरले असतील. तिसऱ्यांदा बिऱ्हाड तिरकं गेलं की शेजारच्या तंबूतून एखादा डच अर्धी चड्डी सावरत उठायचा, पाठोपाठ एक जर्मन, मग कुठून तरी दोन पोरं. बोलावणं नाही, ओळख नाही. कॅरॅव्हॅन हूकवरून सोडवायची, हँडब्रेक काढायचा, पुढच्या लहान चाकाशी एकाने बसायचं, बाकीच्यांनी मागून हात लावायचे आणि ‘आइन्स, त्स्वाय, द्राय!’ मग एका चाकाखाली फळी सरकवायची, स्पिरिट लेव्हलचा बुडबुडा मधे येईपर्यंत कॅरॅव्हॅन तिच्यावर मागेपुढे करायची, चारी कोपऱ्यांचे पाय हँडल फिरवून उतरवायचे. या सगळ्यांना चहा देणं ओघानेच आलं. आल्याचा चहा डच लोक शेवटच्या घोटापर्यंत पीत आणि दुसरा कप मात्र कधी मागत नसत.

आता चाकांना मोटर असते. नवरा चार हातांवर उभा राहून रिमोट दाबतो आणि ते टनावर वजनाचं घर गोगलगाईसारखं आपलं आपण सरकत जागेवर जातं. भांडण नाही की घाम नाही. शेजारी खुर्चीतूनच हात हलवतात आणि पुन्हा फोनमध्ये डोकं घालतात. त्या ढकलाढकलीत कंबर धरून घरी परतलेले लोक आमच्या गोतावळ्यात आहेत; त्यांच्यासमोर हे स्मरणरंजन करायची सोय नाही. मोटर देवासारखी आहे, हे मीही मान्य करते. पण आता पहिल्या दिवशी चहाला कुणी येत नाही. चौथ्या दिवशी येतं, तेही वायफायचा पासवर्ड विचारायला.

फ्रान्समध्ये गावोगावी म्युनिसिपालिटीच्या कॅम्पसाइट असत. स्वस्त, स्वच्छ आणि साध्या. तिथले संडास उकिडवं बसायचे. इंग्रज बायका ते पाहून रडवेल्या होत, पेट्रोल जाळून पुढचं गाव गाठत. युरोपात आम्हाला कुणी न शिकवता येणारी तेवढी एकच गोष्ट होती. त्या दारातून आम्ही ताठ मानेनं बाहेर पडायचो. आता तिथे टाइल्स, गरम पाणी, आपोआप लागणारे दिवे आहेत. आणि बसायचंच झालं तर आता आम्हालाही उकिडवं बसवत नाही.

स्वयंपाकाची तऱ्हा निराळी होती. ब्रिटनमधलं सिलिंडर पलीकडे कुठेच बदलून मिळत नसे, म्हणून कँपिंगगॅझचं निळं सिलिंडर जवळ ठेवायचं. त्यावर कुकर. पहिल्या शिट्टीला रांगेतली सगळी डोकी वळायची, दुसऱ्या शिट्टीला कुणीतरी आग विझवायचं नळकांडं घेऊन यायचं, तिसऱ्या शिट्टीला आम्ही गॅस बंद करून झाकण उघडेपर्यंत बघे थांबायचे. आत काय तर वरणभात. डच लोक घरून बटाटे घेऊन निघतात म्हणून फ्रेंच त्यांची टर उडवतात. आम्ही आंबेमोहोर आणि तूरडाळ घेऊन निघायचो, त्यामुळे डचांशी आमचं पहिल्यापासून जमलं. आता विजेच्या कुकरला शिट्टी नाही. मात्र कित्येक फ्रेंच साइटवर अजून सहाच अँपिअर मिळतात. भात शिजत असताना कुणी किटली लावली की सगळा अंधार. त्या अंधारात जो आरडाओरडा होतो तो मात्र अस्सल जुना आहे.

फ्रान्समध्ये मियो गावाजवळच्या दरीवर २००४ साली पूल झाला. त्याआधी ऑगस्टमध्ये भूमध्य समुद्राकडे निघालेली वाहतूक त्या गावात अडकून पडायची. कॅरॅव्हॅन इंच-इंच सरके, मी उतरून पीच घेऊन परत येई आणि गाडी तिथेच असे. आता अडीच किलोमीटरचा तो देखणा पूल दोन-तीन मिनिटांत संपतो आणि गाव कुठेतरी खाली राहतं. गावकऱ्यांना विचारलं तर ते पुलाच्या बाजूनेच बोलतील.

आणि पत्रं. निघण्याआधी पुण्याला, सांगलीला मुक्काम कळवायचे: अमुक तारखेच्या सुमारास आविन्यों, नंतर व्हेरोना. पत्त्यावर नाव आणि ‘पोस्ट रेस्तांत’, म्हणजे पत्र पोस्टातच ठेवा. मग त्या गावी पोचलं की राजवाडा, पूल, चर्च सगळं मागे ठेवून आधी पोस्ट गाठायचं. काउंटरमागची बाई आडनावाच्या खणात पाही, नाही म्हणे. मग नावाच्या खणात पाहा म्हणून हातवारे करायचे. तिथेही नाही. शेवटी सासऱ्यांच्या नावाच्या खणात ते निळं एरोग्राम सापडे, कारण पाठवणाऱ्याने पूर्ण नाव सविस्तर लिहिलेलं. घडीच्या कडा नखानं सोडवत पोस्टाच्या पायरीवर बसून वाचायचं. आईला ताप आहे असं त्यात असे, आणि आपण ते वाचेपर्यंत ताप उतरलेला असे. क्वचित त्याहून वाईट. आमच्यातल्या एकीला वडील गेल्याचं इटलीतल्या एका पोस्टात कळलं, तोवर तेरावाही होऊन गेला होता. आज नातू व्हिडिओवर ‘आजी, कुठे आहात?’ म्हणून विचारतो, पण उत्तराची त्याला गरज नसते. आमचं टिंब त्याला नकाशावर दिसत असतं. त्या पायरीवरच्या बाईला विचारा, तिला टिंबच हवं होतं.

सरहद्दी गेल्या म्हणून हळहळणाऱ्यांचं म्हणणं कुणीतरी ऐकलं असावं. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं आणि २०२१ पासून आमच्यापुरत्या त्या परत आल्या. डोव्हर सोडताना तुपाची बरणी घरी ठेवावी लागते, कारण दुधाचे पदार्थ पलीकडे चालत नाहीत. कढीपत्ता चालत नाही. नारळ चालतो, नियमातून वगळलेल्या पाच फळांत तो आहे, केळी, अननस, खजूर आणि ड्युरियन यांच्या जोडीला. हा नियम करणाऱ्यांत एखादा कोकणस्थ बसलेला असावा असा आमच्या मंडळींचा समज आहे. पासपोर्टवर शिक्केही परत आले. पूर्वी ज्यांना ते आवडायचे त्यांनी पहिल्या वर्षी कौतुकानं पाहिले, पुढच्या वर्षी वैतागून मोजले. ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्यांच्या जागी बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायला लागले. आयुष्यभर भांडी घासलेल्या बोटांचे ठसे यंत्राला सहजी उमटत नाहीत, हे तिथल्या तरुणाला इंग्रजीत कसं समजवायचं?

सगळ्यात जाचक म्हणजे दिवसांचा हिशेब. कुठल्याही एकशे ऐंशी दिवसांत शेंगेनमध्ये, म्हणजे आपसांतल्या चौक्या उठवलेल्या युरोपीय देशांत, नव्वदच. आयुष्यभर रजा मोजली, आता निवृत्तीत मुक्काम मोजतो. पूर्वी क्रोएशिया या हिशेबाबाहेर होतं. लोक तिथल्या किनाऱ्यावर दिवस काढून परत आत येत. २०२३च्या १ जानेवारीला तेही आत गेलं. म्हणून यंदा आमच्या वहीत अल्बानिया आला आहे. तिथे ब्रिटिश गाडीला विम्याचं ग्रीन कार्ड लागतं. पूर्वी ते टपालानं येई, हिरव्यागार जाड कागदावर, आणि काचेमागे अभिमानानं दिसेल असं ठेवलं जाई. आता ईमेलनं येतं, पांढऱ्या कागदावर आपणच छापायचं, तसं चालतं. नवऱ्याने दोन प्रती काढल्या. मी नातवाच्या कपाटात हिरवा कागद मिळतो का ते पाहते आहे.