मायचा हिशेब चुकू लागला

आमची माय इतवारीच्या धान्यबाजारात धान्य निवडायला जात असे. अक्षरओळख नाही, पण किती पोती झाली, मजुरी किती, उचल किती कापली, सारा हिशेब बोटांच्या पेरांवर. दुकानातला मुनीमही तिच्याशी वाद घालीत नसे.

त्या मायला एक दिवस शंभराच्या नोटेची मोड मोजता येईना. पुढे वरणात मीठ दोनदा पडू लागले, एकच प्रश्न चहा संपेस्तोवर चारदा येऊ लागला. साठी बुद्धी नाठी म्हणून आम्ही हसण्यावारी नेले. एकदा शहीद चौकातून घरचा रस्ता चुकली, तेव्हा ऊन लागले असेल म्हटले. कारण शोधायला बसले की ते सापडतेच!

मग पैशाचे प्रकरण झाले. "माह्ये पैसे तुह्या बायकोनं घेतले. चोट्टी हाय ते!" असे माय शेजाऱ्यांसमोर बोलली. आम्ही भावांनी मायवरच विश्वास ठेवला, कारण हिशेबात ती कधी चुकली नव्हती. थोरली सून दोन महिने माहेरी राहिली. पैसे तांदळाच्या डब्यात निघाले, मायनेच ठेवलेले. स्वतः ठेवलेली वस्तू आठवत नाही, म्हणून ती चोरीला गेली असेच त्या माणसाला खरोखर वाटते, हे आम्हाला फार उशिरा कळले.

डॉक्टरांनी थायरॉईड व बी-१२ जीवनसत्त्व तपासले. त्यांच्या कमतरतेने, तसेच मनाच्या उदासीनेही विसर पडतो आणि तो उपचाराने सुधारू शकतो. मायचे दोन्ही ठीक निघाले. कागदावर घड्याळ काढायची चाचणी त्यांनी बाजूला ठेवली. जिने कधी पेन्सिल धरली नाही तिला ती कशी लागू पडावी? त्याऐवजी आम्हाला विचारले, "पूर्वी काय जमायचे आणि आता काय जमत नाही?" आम्ही धान्यबाजाराचा हिशेब सांगितला. निदान अल्झायमरचे झाले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाच्या अंदाजाप्रमाणे साठीपुढच्या शंभरांत सुमारे ७ जणांना स्मृतिभ्रंश असतो. स्त्रियांत व कमी शिकलेल्यांत जास्त. रोग बरा करणारे औषध नाही, गोळ्यांनी काही काळ थोडा आधार मिळतो.

सकाळी काय जेवली हे माय विसरते. पण १४ ऑक्टोबर १९५६ ला बापाच्या खांद्यावरून पाहिलेला पांढऱ्या कपड्यांतला समुदाय ती अजून सांगते. या रोगात नवे आधी पुसते, जुने मागाहून.

सुनेची आम्ही माफी मागितली. आता माय पैशासाठी ओरडली की तीच म्हणते, "चला माय, दोघी मिळून पाहू," आणि तांदळाचा डबा उघडते.