तमटे वाजवणारे हात

सोमवार, के. आर. पुरम, बंगळूर

मेट्रोच्या जिन्यावरून खाली उतरलो तर टिन फॅक्टरीच्या बाजूने येणारी सगळी वाहनं जागच्या जागी थांबलेली. वर रेल्वेच्या रुळांवरचा तो तारांनी तोललेला पूल, खाली बसगाड्या, रिक्षा, कंपन्यांच्या गाड्या. त्या हॉर्नच्या गदारोळातून एक ठेका स्पष्ट ऐकू आला. कोल्हापूर-सांगलीकडचा माणूस हा आवाज झोपेतही ओळखेल. हलगीच ती! इथे तिला तमटे म्हणतात.

अंत्ययात्रा होती. झेंडू-शेवंतीने मढवलेली गाडी, तिच्यापुढे चुरमुरे आणि फुलं उधळणारे नातेवाईक, मधूनमधून फटाके आणि सगळ्यांच्या पुढे तमटेवाल्यांची पोरं. नुसती वाजवत नव्हती, नाचत होती. गुडघ्यात वाकायचं, गर्रकन वळायचं, तमटे छातीशी धरून दोन पावलं मागे यायचं, सगळ्यांनी एका वेळी. मग मृताच्या घरातला एक तरुणही त्यांच्यात शिरला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पाय ठेक्यात पडत होते. आमच्याकडे पिकल्या पानाला टाळ-मृदंगाच्या भजनात निरोप देतात, काही गावांत हलगीही असते. पण सख्ख्या माणसाने असं रडत नाचणं मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि त्यात मला वावगं काही वाटलं नाही. अंगातलं दुःख अंगानेच बाहेर पडत होतं.

मंगळवार

कालच्या ताफ्यातल्या एका वयस्क वादकाने घरी बोलावलं होतं. मी त्यांना अण्णा म्हणतो, ते मला सार म्हणतात. मोडकं कन्नड आणि मोडकं हिंदी यांवर आमचं छान भागतं.

अंगणात जुने कागद आणि काटक्या पेटवून त्यांनी तमटे शेकायला घेतली. कातडं दमट हवेत सैल पडतं आणि आवाज बसतो. म्हणून वाजवण्याआधी ते धगीवर धरायचं, बोटाने टिचकी मारत ऐकायचं आणि नाद खणखणीत झाला की थांबायचं. जरा जास्त शेकलं तर कातडं फाटतं. एका हातात आखूड जाड काठी, दुसऱ्या हातात लांब बारीक काडी. जाड काठी ठेका धरते, बारीक काडी त्यावर नक्षी काढते. कडं पूर्वी लाकडाचं असे, आता बहुतेक लोखंडाचं असतं. तरुण पोरं तर कातड्याऐवजी फायबरचा पडदा लावतात. त्याला शेकणं नको, पावसाची भीती नाही. अण्णांना तो आवाज पटत नाही. मलाही दोन्ही ऐकल्यावर कातड्याचाच आवडला.

हीच तमटे ग्रामदेवतेच्या ऊर हब्बात, लग्नाच्या वरातीत, गणपतीच्या विसर्जनात आणि पुढाऱ्यांच्या मिरवणुकीत वाजते. देवीपुढे वाजवायचे ठेके वेगळे, मयताचे वेगळे. देवीचा ठेका अण्णांनी मांडीवर हाताने वाजवून दाखवला. मयताचा मात्र घरात वाजवायला ते तयार झाले नाहीत. मी आग्रह केला नाही.

वाजवणारे बहुतेक मादिग आणि होलेय समाजाचे. आपल्याकडे हलगी जशी मांगांच्या खांद्यावर दिली गेली, तसंच हे. देवीचा रथ तमटेशिवाय हलत नाही, पण तो हलवणाऱ्याने देवळाच्या पायरीशी थांबायचं, अशी रीत पिढ्यान् पिढ्या चालली. अण्णांच्या वडिलांना वाजवण्याचा मोबदला म्हणून धान्य आणि उरलेलं जेवण मिळे, तेही लांबून. हे सांगताना त्यांचा आवाज चढला नाही. माझा मात्र घसा दाटला.

बुधवार

दिवसभर पाऊस. सोमवारचा तो रडत नाचणारा तरुण डोक्यातून जाईना, म्हणून मुक्कामावर बसून घानाचे संगीत-अभ्यासक क्वाबेना न्केतिया यांच्याविषयीची टिपणं काढली. अशांती प्रदेशात 1921 साली जन्मलेल्या या माणसाने आपल्या अकान लोकांच्या मृत्युगीतांवर 1955 साली ग्रंथ लिहिला आणि उभं आयुष्य आफ्रिकेच्या संगीताला दिलं. ते 2019 साली गेले.

अशांती लोकांकडे अंत्यविधी हा सगळ्या गावाचा सोहळा असतो. बहुधा शनिवारी, कधी मृत्यूनंतर कित्येक आठवड्यांनी. लोक लाल-काळी वस्त्रं नेसून येतात. माणूस पिकून गेला असेल तर काळं-पांढरं किंवा निव्वळ पांढरंही चालतं. आदोवा नावाचा नाच तिथे होतो आणि त्यात हात बोलतात. डोक्यावर ठेवलेले दोन्ही हात म्हणजे शोक, हे पाहणाऱ्याला सांगावं लागत नाही. साथीला लोखंडी घंटा आणि काखेत दाबून वाजवायचं डमरूच्या आकाराचं दोन्दो. हाच आदोवा आनंदाच्या प्रसंगीही नाचतात. केते मात्र राजघराण्याचा नाच, त्याचे ढोल लाल-काळ्या चौकटींच्या कापडाने मढवलेले. आणि आतुम्पान ही ढोलांची जोडी, एक खालच्या सुराचा, एक वरच्या. अशांती लोकांची त्वी भाषा सुरांवर चालते, म्हणून ती जोडी खरोखर बोलते. पूर्वजांची नावं घेते, राजाला हाक मारते.

मला तिथे थांबवलं ते वादकाच्या स्थानाने. आतुम्पान वाजवणाऱ्याला ओदोमांकोमा क्येरेमा म्हणतात, विधात्याचा ढोलवादक. राजदरबारात त्याला मान आहे, कारण वंशाचा इतिहास त्याच्या हातांत आहे. तिथेही मढं, इथेही मढं. तिथेही कातडं, इथेही कातडं. मग इथल्या हातांना विटाळ कुठून चिकटला? कातड्यातून तो आलेला नाही. तो जातीने चिकटवला.

गुरुवार

अण्णांचा मुलगा रात्रपाळीत कंपनीची गाडी चालवतो. तो तमटे उत्तम वाजवतो, पण मयताला जायचं नाही असं त्याने ठरवलंय. गणपती आणि स्टेजचे कार्यक्रम तेवढे करतो. बापाला हे खटकत असेल असं वाटलं होतं. पण अण्णा म्हणाले, त्याचं त्याने ठरवलंय, मला तर ठरवायची सोयच नव्हती.

महाडला 1927 मध्ये बाबासाहेबांनी उष्टं आणि मेलेल्या जनावरांचं मांस सोडायला सांगितलं, त्यानंतर अनेक गावांत लोकांनी गावकीची वाजंत्रीही टाकली. ते योग्यच होतं. लादलेली कला ही वेठच. पण दुसरी वाटही निघाली. आपल्याकडे अण्णाभाऊ साठ्यांच्या लालबावटा कलापथकाने डफ मोर्च्यात आणला. कर्नाटकात 1970च्या दशकात दलित संघर्ष समितीच्या सभांमध्ये कवी सिद्धलिंगय्यांच्या गाण्यांबरोबर तमटे कडाडली. इथून फार लांब नसलेल्या चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यातल्या पिंडीपापनहळ्ळीचे मुनिवेंकटप्पा तमटेसाठी 2023 साली पद्मश्री झाले. तमिळनाडूत पराई, म्हणजे तिथली हलगी, वाजवणारे वेलू आसान 2025 साली. अण्णांच्या मोबाईलवर मुनिवेंकटप्पांचा फोटो आहे. राष्ट्रपतींसमोरचा. तो त्यांनी मला बराच वेळ पाहू दिला.

सोडणं आणि मिरवणं, दोन्ही मला एकाच स्वाभिमानाच्या गोष्टी वाटतात. निवड वाजवणाऱ्याची असली पाहिजे, एवढंच.

शुक्रवार

दुपारी होसकोटला निघायचंय, शहाजीराजांच्या जहागिरीतलं गाव. तिथलं पुढच्या लेखांकात. सकाळी अण्णांचा निरोप घ्यायला गेलो तर ताफा एका मयताला निघाला होता. त्यांनी सांगितलं, मयताला कुणी घासाघीस करत नाही, लग्नाला मात्र अर्धे पैसे वाजवून झाल्यावरही मागत फिरावं लागतं. जेवणही शेवटी, सगळे उठल्यावर.

वाचकहो, आपल्याकडेही यापेक्षा वेगळं घडत नाही. येत्या जत्रेत, वरातीत, गणपतीत तुमच्या दारी हलगी येईल तेव्हा ठरलेली बिदागी काठी कातड्यावर पडायच्या आधी हातात द्या, आणि पहिल्या पंगतीत पाहुण्यांच्या मांडीला मांडी लावून वाजवणाऱ्यांना बसवा.