परराज्यातला सहाध्यायी

सार्वजनिक विद्यापीठाने राज्याबाहेरचा विद्यार्थी का बोलवावा, हा प्रश्न नशिराबादला बसून विचारणे जरा विपरीतच. आमच्याकडचा प्रवाह उलट्या दिशेचा. बारावी झाली, चार पैसे जमले, की मूल पुण्याला जाते. जळगावपलीकडे गिरणेकाठी आमचे विद्यापीठ आहे, पण तेथे परराज्यातून कोणी मराठी शिकायला येईल, हे कोणाच्या मनातही येत नाही. तरी हा प्रश्न आम्हांस आपला वाटतो. कारण ‘बाहेरचा’ कोण, हे ठरवणाऱ्या रेषा आमच्याच अंगणातून गेल्या आहेत.

15 ऑगस्ट 1990 रोजी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. तोवर खानदेश 1949 सालच्या पुणे विद्यापीठात मोडत असे. विद्यापीठ जवळ आले, याचा लाभ मोठाच होता. पण अभियांत्रिकीच्या प्रवेशात दीर्घकाळ चाललेल्या 70:30 या सूत्राने बहुतांश जागा त्या त्या विद्यापीठाच्या हद्दीतील मुलांसाठी राखल्या, आणि आमचा मुलगा पुण्याच्या लेखी ‘अन्य विद्यापीठाचा’ झाला. गाव जागचे हलले नव्हते. हद्द हलली होती.

बाहेरच्याला बोलावण्याचे एक कारण उघड आहे: पैसा. इंदूरच्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयात मध्य भारताबाहेरील विद्यार्थ्यांकडून 1500 रुपयांचे कॅपिटेशन शुल्क घेतले जाई. स्थानिकांना ते माफ होते. डी. पी. जोशी या दिल्लीच्या विद्यार्थ्याने त्यास आव्हान दिले. 1955 साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ती सवलत वैध ठरवली: जन्मस्थान वेगळे आणि रहिवास वेगळा. राज्याच्या करातून चालणाऱ्या संस्थेने राज्याच्या रहिवाशांना झुकते माप द्यावे, हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. पण त्याचे दुसरे टोक अमेरिकेत दिसते. 2008 च्या मंदीनंतर तेथील राज्यांनी अनुदाने कापली, आणि अनेक राज्य विद्यापीठे कैक पट शुल्क भरणाऱ्या परराज्यातील विद्यार्थ्यांना शोधू लागली. अलाबामा विद्यापीठात तर निम्म्याहून अधिक विद्यार्थी बाहेरचे झाले. कॅलिफोर्नियात स्थानिकांच्या जागांची ओरड होऊन 2017 साली मर्यादा घालावी लागली. सवलत म्हणून सुरू झालेला भेद असा विक्रीचा दर होतो.

दुसरे कारण आमच्याकडे एकेकाळी धोरण म्हणून स्वीकारले गेले. नागपूरसारख्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयांत निम्म्या जागा राज्याच्या आणि निम्म्या बाहेरच्यांच्या ठेवल्या गेल्या. तेथे बाहेरचा विद्यार्थी गिऱ्हाईक नव्हता, सहाध्यायी होता. एका बाकावर दोन प्रांत बसावेत, हा त्यामागचा विचार.

साहित्याच्या वर्गात या विचाराला किती अर्थ आहे, ते आम्ही पुण्यात शिकताना अनुभवले. आमच्या तोंडी शेताला ‘वावर’ हा शब्द. बेळगावहून आलेल्या सहाध्यायिनीने तो ऐकून सरळ विचारले, “तो वावर की ते वावर?” तिच्या कानाला तो ‘वावरणे’तला वाटला होता. ती स्वतः शेताला ‘रान’ म्हणे, आणि आमच्या मनात रान म्हटले की झाडी उभी राहते. दोघांचीही मातृभाषा मराठीच, पण तिने विचारीपर्यंत ‘वावर’ हा शब्द आहे, याची आम्हांस जाणीवच नव्हती. ती केवळ जमीन होती.

आज आम्ही वर्गात बहिणाबाई शिकवतो. त्यांचे जन्मगाव आसोदे आमच्या शेजारचे. 2018 पासून विद्यापीठाला नावही त्यांचेच. मुलांना शब्दार्थ द्यावे लागत नाहीत, ही सोय खरी. पण ज्याचा अर्थ कोणी विचारत नाही, त्याचा विचारही कोणी करीत नाही. घरची बोली घरच्यांतच शिकवली, की ती कौतुकाचा विषय होते, अभ्यासाचा होत नाही. अडखळणारा एक जरी वर्गात असला, तरी उरलेल्यांना आपली भाषा दुरून पाहता येते.

पण हा अडखळणारा कोणाच्या जागेवर बसणार आणि काय भरून? प्राध्यापकांची पदे रिक्त, स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रम वाढते, अशा काळात विद्यापीठ बाहेर पाहू लागले, तर आधी त्याची नजर खिशाकडे जाईल. मग मजुराच्या मुलीची जागा जाईल आणि सहाध्यायीही मिळणार नाही. म्हणून आमचा आग्रह एवढाच: बाहेरच्यांच्या जागा वाढीव असाव्यात, शुल्क तेच असावे, वसतिगृह असावे.

आणि ‘बाहेरचे’ फार दूर शोधायलाही नकोत. रावेरच्या पुढे मध्य प्रदेशातले बऱ्हाणपूर आहे. सुरत-भुसावळ लोहमार्गाने पोटासाठी गेलेली खानदेशी कुटुंबे सुरतेच्या उधना-लिंबायतीत पिढ्यान्‌पिढ्या राहतात. घरात अहिराणी, शाळेत गुजराती. त्यांची मुले आमच्या विद्यापीठाच्या कागदांवर परराज्यातील ठरतील. त्यांनी येऊन आम्हांस आमचेच शब्द विचारावेत. उत्तरे देताना आमच्या मुलांना आपल्या भाषेचा नव्याने विचार करावा लागेल.